हिनाशी गोड बोलताना

तीर्थरूप मोआलामामांस केलेपीचा वाकता येईल तितका नमस्कार (कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच).

ऑकलंडच्या थंडीत गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला थांबला असेलच. इकडे सगळे खुशाल, आणि मी तर जिंकलो आहे.

आपला दादा गेल्यापासून आजोबांचं करवंट्यांचं खुळखुळं आढ्याला लटकून होतं. ते पाण्यात वाजवून शार्क बोलावणारा आपल्या घरात उरला नाही, तेव्हा ते पलीकडच्या गावाला देऊन टाकावं असं कावा पिण्याच्या बैठकीत ठरत आलं. मी बोलून गेलो, मी बोलावतो. बैठक पोट धरून हसली. म्हातारा तोमासी म्हणाला, "केलेप्या, शार्क म्हणजे आपली हिना, मानी बाई आहे. होडीत एक शिवी गेली की वर्षभर तोंड दाखवत नाही. तू आजवर डुकराला तरी सरळ हाक मारली आहेस का?" (खोटं कशाला सांगू, नाही मारलेली.)

मग लोसालिनेनं तीन आठवडे माझी तालीम घेतली. ती चुलीपाशी अळूचे कांदे सोलत हिना होऊन बसायची आणि मी समोर खुळखुळं वाजवत, "ये गं रूपवती, तुझ्यावाचून समुद्र ओस पडलाय" म्हणायचो. "कोरडं वाटतंय, परत म्हण," ती म्हणायची. संसाराला एकतीस वर्षं झाली, पण इतकं गोड मी या घरात कधी बोललो नव्हतो. एकदा बरोबर जमलं तेव्हा तिची सुरी थांबली. मला वाटलं, एखादा शब्द राहिला.

शनिवारी निघालो. दुपारपर्यंत पाण्यावर रेघ नाही. त्यातच तोमासीच्या पुतण्यानं वल्हं माझ्या अंगठ्यावर आपटलं. शिवी दातांपर्यंत आली, ती मी गिळली, डोळे मिटले आणि तोंडातून निघालं, "ये गं राणी, हार आणलाय तुझ्यासाठी." आणि मामा, ती आली! दोन पुरुष लांब, संथ, आणि मी धरलेल्या दोराच्या फासात मान अशी घातली की जणू वरमालाच. मी घळाघळा रडलो. ओढताना कंबर गेली, पण तोंडातून ब्र नाही. किनाऱ्यावर तोमासी कमरेला गुंडाळलेल्या मानाच्या चटईसकट पाण्यात उतरला आणि सगळ्यांदेखत माझा हात धरून म्हणाला, "खुळखुळं तुझंच रे, लेका." ते पुन्हा आढ्याला आहे, आणि आता मी खालून जाताना मान ताठ ठेवतो.

आपला भाचा,
केलेपी

ता. क. वाळवलेलं मांस जहाजानं पाठवलं आहे. मामींना वास सोसणार नाही, तेव्हा डबा अंगणातच उघडावा.

ता. क. दुसरा. खरं काम हे. लोसालिने म्हणते, "तिला इतकं म्हणालास, मला कधी म्हणणार?" मी लगेच तेच म्हटलं. तर म्हणे, "ते तिचं झालं. मला माझं वेगळं हवं." चार दिवस घरची चूल माझ्यासाठी बंद, शेजाऱ्यांकडे जेवतो आहे. तुम्ही तरुणपणी तीन बेटांवरच्या पोरी पागल केल्यात, तेव्हा उलट टपाली दहाएक वाक्यं पाठवा. समुद्राचा उल्लेख नको.

ता. क. तिसरा. होडीत डोळे मिटले तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरलो होतो. समोर अळूचे कांदे सोलणारी लोसालिने दिसली, म्हणून सुचलं. हे मात्र तिला कळवू नका. शार्कशी बरोबरी केली म्हणून पाचवा दिवसही उपाशी ठेवील.