गाडीतला प्लग

बाबा, परवा मी एका गॅरेजवाल्याच्या कानाखाली वाजवली. भर दुपारी, चार माणसांदेखत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच.

आईला आता सतत ऑक्सिजनचं मशीन लागतं, आणि ते घरच्या विजेवर चालतं. फुलसावंगीचा मामा अंथरुणाला खिळलाय. तो जायच्या आत त्याला एकदा बघायचं, एवढंच तिने धरून ठेवलं होतं. म्हणून मी गाडीत इन्व्हर्टर आणि मागच्या सीटजवळ घरातल्यासारखा प्लग बसवायला दिला. त्या माणसाने बॅटरीपासून जाड केबल ओढायचा कंटाळा केला आणि लायटरच्या सॉकेटमागच्या बारीक वायरलाच सगळं जोडून दिलं. यवतमाळ सुटतंय तोच फ्यूज उडाला आणि मशीन बंद पडलं. आई मागून माझा खांदा धरून होती. घरी येईपर्यंत ती पकड सैल होत गेली, तिचे ओठ निळे पडले.

घरच्या विजेवर मशीन लावून तिचा श्वास ठीक झाल्यावर मी इन्व्हर्टर उपटून काढला आणि थेट गॅरेजवर गेले. तो म्हणाला, "एवढ्या म्हाताऱ्या बाईले फिरवताच कायले? घरीच ठेवा न." मी त्याच्या थोबाडीत दिली. मग कॉलर धरून त्याचं डोकं शटरवर आपटलं, पुन्हा आपटलं. नाकातून रक्त आलं तरी मला थांबायचं नव्हतं. लोकांनी ओढून बाजूला केलं.

पण मारायच्या आधी मी इन्व्हर्टर त्याच्या काउंटरवर नीट ठेवला होता. वायरी गुंडाळून, सरळ. घरी आल्यावर हे आठवलं, आणि तुम्ही आठवलात, मी लहान असतानाचे.

तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न दुरुस्त करताय. आईच्या हातून चहा उतू जातो. तुम्ही तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवता, चष्मा काढून डबीत घालता आणि मग उठता. तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटता. सगळे म्हणायचे, रागात याला भान राहत नाही. भान होतं बाबा, पुरेपूर होतं. आईची बरगडी मोडली, पण तुमच्या चष्म्यावर कधी ओरखडा उठला नाही. मी वरवंटा घेऊन दाराआड उभी राहायचे. तुमचं डोकं फोडायचं ठरवायचे, आणि एकदाही आत आले नाही.

दुसऱ्या दिवशी नवा इन्व्हर्टर आणून मी स्वतःच काम करायला घेतलं. मारहाण नसायची त्या दिवसांत तुम्हीच शिकवलं होतं मला. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. पत्र्यातून केबल जाते तिथे रबर बसवायचं, नाहीतर धार केबल कापते. प्रत्येक बोल्ट आवळताना मी तुम्हाला शिव्या घातल्या. आई बाजूला खुर्चीत बसून बघत होती. गॅरेजमधला प्रकार तिच्या कानावर गेला होता.

मशीन फुलसावंगीपर्यंत व्यवस्थित चाललं. मामाच्या दारात गाडी लावली, मागचं दार उघडलं आणि प्लग काढायला मी तिच्या अंगावरून झटकन हात घातला. आईने कोपर उचलून तोंड झाकलं. तुमच्यासमोर झाकायची, तसंच.

मी हात तसाच धरून उभी. ती ओशाळली, हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "तुले नाही वं भ्याली. जुनी सवय हाय." मग मामाच्या सुनेने मशीन उचललं आणि आई तिचा हात धरून आत गेली. भाऊबहीण किती वेळ रडत होते, बाहेर ऐकू येत होतं. मी गाडीतच बसून राहिले.

हे पत्र कुठे टाकणार, फाडूनच टाकीन. तुम्हाला एक विचारायचं होतं, दुसऱ्या कोणाला विचारण्यासारखं नाही. त्या माणसाचं डोकं शटरवर आपटताना मला बरं वाटलं होतं, बाबा, खूप बरं. तुम्हालाही तसंच वाटायचं का?