वृंदा नावाची विहीर

४ जून, मंगळवार
समुद्रात तेल शोधायच्या नव्या चार जागांना नावं हवी होती. आजवर चीजची नावं द्यायचे, ती संपली. आमचा साहेब रसेल म्हणाला, या खेपेला बायकांची नावं, प्रत्येकाने एक द्या. नकाशावरची लेबलं मी करतो म्हणून मलाही विचारलं. या ऑफिसात प्रिंटर सोडून दुसऱ्या कशाबद्दल मला विचारलं गेल्याचं आठवत नाही.
रसेलने आपल्या कुत्रीचं नाव दिलं. मेल्विनने दिलंच नाही. मेल्विन वसईचा, इथल्यांत सगळ्यांत जास्त शिकलेला. एरवी माझ्याशी इंग्रजीत, टोचायचं असलं की मराठीत. म्हणाला, "मी माझ्या घरातल्या बायकांना विहिरीत ढकलत नाही, बाबा." मी हसलो. ताईचं नाव लिहून दिलं. वृंदा.
रसेलने मोठ्याने वाचलं, ब्रेंडा.

९ जून, रविवार
ताईला सांगितलं. आधी विश्वास बसेना. मग नकाशाचा फोटो मागून घेतला. खाली नॉर्वे, वर बर्फ, मधल्या समुद्रात शेंगदाण्याएवढा हिरवा ठिपका आणि त्यावर तिचं नाव. बोटांनी मोठं करून करून बघत होती. बजावलं, अजून काहीच सापडलेलं नाही, तिथे तेल असावं असा नुसता अंदाज. विहीर खोदली की कळेल. म्हणाली, "म्हणजे लग्नासारखंच."
नंतर, "डिप्लोमा अर्धवट टाकणाऱ्या भावाने एवढं तरी केलं." हे बोलल्याशिवाय तिला घास गिळवत नाही.
फोटो सगळ्या नातेवाइकांना गेला. केलीव्हिललाही. मार्चपासून सुहासरावांचे फोन येतात. सिडनीच्या केलीव्हिल भागात राहतात, वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये काम. बायको वारली, मूल नाही, आई जवळ असते. ताई त्यांचं नाव घेत नाही. केलीव्हिलला सर्दी झाली, केलीव्हिलचा आज फोन नाही, असं बोलते. लग्न ठरलंही नाही अजून.

१७ जून, सोमवार
कंपनीच्या निवेदनाचा मसुदा तपासायला आला. सगळीकडे ब्रेंडा.
ताई डँडेनॉन्गला ज्या एज्ड केअरमध्ये काम करते तिथे ती सहा वर्षं ब्रेंडाच आहे. बिल्ल्यावरसुद्धा. बदलून मागितला तर मॅनेजर म्हणाली, म्हाताऱ्यांना हेच सोपं जातं.
मी मजकुरात बदललं, नकाशांत बदललं, तळटिपेत राहिलं होतं ते बदललं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. रसेलला विचारलं, तो म्हणाला, नो वरीज मेट, तुला हवं तसं. मेल्विन म्हणाला, "झालं. आता जगात कुणी चुकणार नाही."
घरी येताना ट्रेनमध्ये बरं वाटत होतं. हे लिहितानाही वाटतंय.

६ जुलै, शनिवार
केलीव्हिल येऊन गेले. सुहासराव आणि त्यांची आई. ताईने भरली वांगी केली होती, साटोऱ्या केल्या होत्या. फॉस्टर स्ट्रीटवर तीन दुकानं फिरून वांगी निवडलेली. काकूंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, बिया फार आहेत गं. सुहासराव चष्मा पुसत होते. ते मुख्यतः चष्माच पुसतात.
नाशिकच्या सासरच्या लोकांनी ताईला चार वर्षं ठेवून परत पाठवलं, मूल होत नाही म्हणून, हे काकूंना माहीत आहे. आज कुणी ते काढलं नाही. पण ताईने नकाशा फ्रिजवर लावून ठेवलाय. काकू त्यापुढे उभ्या राहिल्या.
"मग, लागलं का तेल तुझ्या विहिरीला?"
अजून खोदायचीय, ताई म्हणाली.
"बघू हं. लागलं की साखरपुडा करू. नाही लागलं तर..." आणि काकू हसल्या. मग सगळेच हसलो. ताई सगळ्यांत जास्त.
ते गेल्यावर भांडी घासता घासता तिने विचारलं, थट्टाच होती ना ती? मी म्हटलं, हो. "म्हातारी नवस बोलल्यासारखी बोलली रे."

१६ जुलै, मंगळवार
खोदाई सुरू. जहाज भागीदार कंपनीचं, आम्हाला रोज सकाळी रिपोर्ट. ऑफिसात पैज लागलीय. फळ्यावर वर वृंदा, खाली दोन बाजू, तेल आणि कोरडी. स्पेलिंग बरोबर आहे. माझ्या लेबलावरून उतरवलंय.
चहाच्या वेळी रसेल विचारतो, वृंदा कशी आहे आज? कुणी म्हणतं, थंड. कुणी म्हणतं, अजून काही देत नाही, खोल जावं लागेल. मग हसणं. पुढचं लिहीत नाही.
नाव कोणाचं ते मेल्विन सोडून कोणाला माहीत नव्हतं. मेल्विनने आज सांगून टाकलं की ती याची सख्खी बहीण. रसेलने माझ्या खांद्यावर हात ठेवला, सॉरी मेट. मागून कुणीतरी विचारलं, सिंगल आहे का?
त्या हसण्यात मीही होतो. हे ताईला कधी...

२९ जुलै, सोमवार
रसेलला भेटलो. वाक्यं पाठ करून गेलो होतो, तीही अडखळत बोललो. विहिरीचं नाव बदलता येईल का, किंवा नुसता नंबर. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. म्हणाला, आता नाव सगळीकडे नोंदलं गेलंय, भागीदाराकडे, सरकारदरबारी. मग म्हणाला, ब्रेंडा होतं तेव्हा ठीक होतं की. तूच बदललंस.
बाहेर मेल्विन. "काय, बहिणीला वर काढायला गेला होतास?"
ताई रोज कामावरून आली की बूट काढायच्या आधी विचारते, माझं काय? मी सांगतो, अजून खोदतायत. तिने केस रंगवले आहेत. केलीव्हिलला निळा रंग आवडतो, असं दोनदा सांगून झालं.

१३ ऑगस्ट, मंगळवार
पाणी लागलं. खडक उत्तम, वरचं झाकण उत्तम, आत सगळं खारं पाणी. पाण्याने भरलेल्या विहिरीला हे लोक कोरडी म्हणतात. फळ्यावर कोरडीवाले जिंकले. त्यांत मेल्विन.
निवेदन तपासायला माझ्याकडेच आलं. पहिल्याच ओळीत, वृंदा कोरडी निघाली. शेवटच्या ओळीत, तोंड बुजवून टाकून दिली. धंद्यातला शब्द आहे, सगळ्या विहिरींना तोच लिहितात. ताई नाशिकहून परत आली तेव्हा मावशी शेजारणीला दारातच सांगत होती, आमची वृंदा टाकलेली. मी तेव्हा सातवीत. मला वाटलं, कुणीतरी काही खाली टाकलं, सांडलं.
एकही चूक नव्हती. पुन्हा वाचलं. मग पहिल्या ओळीत ब्रेंडा केलं. फक्त कसं दिसतं ते बघायला.
मेल्विन मागे उभा होता. "आता लाज वाटते होय बहिणीची?"
परत बरोबर केलं. पाठवून दिलं.

१४ ऑगस्ट, बुधवार
काल ताईला सांगितलं नाही. बूट काढायच्या आधी विचारलं तेव्हा म्हटलं, अजून खोदतायत. आज जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःच फोनवर वाचलं. घरी आली तीच बूट घालून आत. टेबलाशी बसून केलीव्हिलला फोन लावला, स्पीकरवर, मला समोर बसवून. काकूंनी उचलला. ताईनेच सांगितलं, पाणी निघालं.
काकू म्हणाल्या, अगं वेडी का काय, ती थट्टा होती, असलं आम्ही मानत नाही. बराच वेळ गोड बोलत होत्या. मग म्हणाल्या, "एक कर फक्त. तुझे तेव्हाचे सगळे रिपोर्ट पाठवून दे. आमचा सुहास लॅबमध्येच आहे, बघेल तो. म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको."
ताई म्हणाली, "पाठवते काकू. सुहासरावांचेही पाठवा तुम्ही. आठ वर्षांच्या संसारात त्यांच्याकडेही काही लागलं नाही ना?"
त्यांचं नाव तिने पहिल्यांदाच घेतलं. फोन तिकडून बंद झाला.
मग माझ्याकडे वळली. "तुला माझंच नाव सुचलं? आईचं द्यायचंस. ती मेलीय, तिला काय होणार होतं?"
नकाशा अजून फ्रिजवर आहे. तिने काढला नाही, मी काढायचं धाडस केलं नाही. जेवण दोघांचंही तसंच राहिलं.

१८ ऑगस्ट, रविवार
काल दुपारी उशिरा बेल वाजली. दारात सुहासराव. एकटे, पहाटे सिडनीहून निघून गाडी चालवत आलेले. डोळे लाल. कळवलं नव्हतं.
ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि उभीच राहिली. ते म्हणाले, मला रिपोर्ट वगैरे काही नको, हेच सांगायला आलो.
"तुम्हाला नकोत. काकूंना?"
मग त्यांनी चष्मा काढला. आईला माहीत नाही, मी इथे आलोय ते. डबल शिफ्ट आहे असं सांगून निघालो.
चव्वेचाळीस वर्षांचा माणूस.
ताई मला म्हणाली, "दिन्या, पाणी दे त्यांना. चहा टाकू नकोस." आणि त्यांना, अगदी हळू आवाजात, "घरी जा. कुठे गेला होतात ते काकूंना सांगा. त्यानंतर यायचं असेल तर या."
"आत्ता? वृंदा, अगं दिवसभर गाडी चालवून..."
"परतीचाही रस्ता तेवढाच आहे."
त्यांनी पाणी पूर्ण प्यायलं. ग्लास कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, मी घेतला. गाडीपर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, वाटेत ऑल्बरीला मुक्काम करा, झोप आली असेल. ते हो म्हणाले, सीट नीट करत बसले, मग माझा नंबर घेतला. तिचा आहे त्यांच्याकडे, तरी माझा घेतला.
वर आल्यावर ताईला बोललो. एक रात्र झोपू द्यायचं होतं, माणूस रस्त्यात मेला असता म्हणजे? आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला असेल. ती रागावली नाही. म्हणाली, "झोपला असता तर सकाळी मी पोहे केले असते. मग काकूंना सांगणं संपलंच असतं."
आज दुपारी त्यांचा मेसेज आला, मलाच. पोचलो. एवढंच. ताईला दाखवला. तिने फोन हातात घेतला, वर-खाली करून पाहिलं, आणखी काही आहे का म्हणून. "आईला सांगितलं का?" मी म्हटलं, ते नाही लिहिलेलं. विचारू का?
"तू विचारायचं नाहीस."
पाच वाजलेत. दुसरा मेसेज नाही. आज तिची शिफ्ट नाही, आंघोळ करून निळा ड्रेस घातलाय आणि कणीक मळतेय. किती माणसांची ते मी विचारलं नाही.