दर्या सगळीकडे एकच नसतो

बेटेगाव, ता. पालघर
फेब्रुवारी १९६७

प्रिय रामनाथ,

नाव लिहिलेलं पाहून दचकाल. आजवर 'प्रिय'च्या पुढे मी मोकळी जागा सोडायची आणि तुम्ही ती ओळखायची, अशी आपली रीत होती. आज लिहून टाकलं. तुमचं जहाज बर्फातून सुटलं, सगळे सुखरूप आहेत, अशी तार आली. मी आधी हसले, मग धाय मोकलून रडले. कारण श्रावणातच आम्ही तुमचे दिवस घातले होते. जिवंत माणसाला हे कसं सांगावं, मला कळत नाही, पण सांगायला हवं.

तुमचं शेवटचं पत्र आठवतं का? साहेब लोक दर्याच्या तळाला लांबलचक नळी सोडतात, तुम्ही यंत्रावर उभं राहून तारेचा दोर गुंडाळता आणि वर येतो तो चिखल न् खडे. त्यावरून म्हणे तिथला बर्फ किती जुना ते कळतं. बोंबील वाळत घालताना मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमचे बाबा पोट धरून हसले. "आपल्या खाडीत चिखल काय कमी हाय? एवढ्या लांब कशाला गेला?" मीही हसले. असला उपद्व्यापी नवरा आपल्या साऱ्या माहीमच्या पाड्यात माझाच, याचा मला तोरा होता. त्याच पत्रात तुम्ही लिहिलं होतं की आपला पावसाळा म्हणजे तिकडचा हिवाळा. तेव्हा तिकडे सूर्य उगवत नाही, दर्या गोठून घट्ट होतो आणि अडकलेलं जहाज आपल्याकडे थंडी पडेपर्यंत सुटत नाही.

मग कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून निरोप आला की जहाजाची बिनतारी बंद पडली आहे, ठावठिकाणा नाही. शिमगा गेला. आपल्या पाड्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. जो शिमग्याला आला नाही आणि नारळी पुनवेपर्यंत ज्याचा सांगावा नाही, तो दर्याचा झाला. मी पत्र घेऊन एकेकाच्या दारात गेले. म्हटलं, ही रीत आपल्या होड्यांची आहे, तिकडे आत्ता रात्र आहे, दिवाळी उलटू द्या. बाबा म्हणाले, "पोरी, दर्या सगळीकडं एकच." जन्मभर होडी हाकलेल्या भगवंत तांडेलापुढे चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकणार? किनाऱ्यावर दर्भाचा पुतळा जाळला. त्याला तुमचा निळा सदरा घातला होता. त्याचं एक बटण तुटलेलं होतं, ते मी आधी लावून दिलं. जळायच्या कापडाला बटण कशाला, असं कुणी विचारलं नाही.

मला कुणी पांढऱ्या पायाची म्हटलं असतं, तर मी भांडले असते. तुम्हाला माझी जीभ माहीत आहे. पण तुमच्या आईंनी मला पोटाशी धरलं. रात्री मी उठून बसले की त्याही उठून बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "जमना, मी म्हातारी हाय, आज हाय उद्या नाय. तुला एकटी ठेवून मला मरता येनार नाय. लेक म्हनून देते तुला." मी म्हटलं, दिवाळीनंतर एवढे दोन महिने थांबा. त्यांना वाटलं, दुःखाने मला भ्रम झाला आहे. माझे वडीलही रडत होते. सगळेच माझ्या भल्यासाठी रडत होते हो. मायेशी कसं भांडायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. कार्तिकात पाट लागला.

दामू त्यांचं नाव. बायको बाळंतपणात गेलेली. होडी सोडून तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललंय तिथे गवंडीकाम करतात. तार घेऊन तुमच्या आई स्वतः बेटेगावात आल्या आणि उंबऱ्यावर बसून कपाळ बडवू लागल्या. दामूंनी तार दोनदा वाचली. म्हणाले, "तुला जायचं तर जा. मी आडवा येनार नाय." वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं! मी लुगडी बांधलीसुद्धा. बांधलेलं गाठोडं समोर घेऊन दिवसभर बसून राहिले आणि संध्याकाळी सोडलं.

मला तिसरा महिना आहे.

तुम्हाला बंदरावर उतरवून घ्यायला बाबा येतील. वाटेत ते हवापाण्याचं बोलतील, मासळीचं बोलतील, माझं काही बोलणार नाहीत. त्यांच्याने बोलवणारच नाही. पालघर स्टेशनवर उतरून तुम्ही माहीमच्या घरी जाल, सवयीने मला हाक माराल आणि तुमच्या आई तिथेच कोसळतील. ती हाक मारू नका, एवढं सांगायला हे पत्र लिहिलं. माझं म्हणणं खरं होतं, रामनाथ. साऱ्या पाड्यात माझं एकटीचंच खरं होतं.

'तुमचीच' लिहिता येत नाही, आणि दुसरं काही लिहायला हात होत नाही,
जमना