आरशातला उंट

२ जुलै, बुधवार
उंटाने ओळखीच्या एका डेंटिस्टला सायकल ग्रुपवर घेतलं. मला न विचारता. उंट माझा शाळेपासूनचा मित्र, उंचीवरून हे नाव मीच ठेवलं. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो म्हणून तो मला मास्तर म्हणतो. नऊ वर्षं दर पावसाळ्यात आम्ही सायकली घेऊन डोंगरावर जातो, एक रात्र वरच्या केबिनमध्ये काढतो. मी, उंट आणि बेकरीवाले दोघे भाऊ. पाचव्याची कोणाला गरज होती? ‘सुस्वागतम’ लिहिलं. मन मोठं पाहिजे.

४ जुलै
डेंटिस्टने सायकलचा फोटो टाकला. मडगार्डवाली. डोंगरावर मडगार्ड! बायकोने विचारलं, तुमच्या सायकलला का नाहीत? तिला त्यातलं कळत नाही. उंटाने फोटोखाली तीन बदाम टाकले. माझ्या नव्या घंटीला नुसता अंगठा दाखवला होता.
उद्यापासून रोज पहाटे वीस किलोमीटर.

५ जुलै, पहाटे ५
पाऊस. ट्रिप तोंडावर असताना आजारी पडणं परवडणार नाही. झोपतो.
सकाळी ८: पाऊस पाचलाच थांबला होता म्हणे. बायकोला नको ते लक्षात राहतं.

७ जुलै
हँडलला नवा आरसा लावला. शिकायला येणाऱ्यांना माझा पहिला धडा हाच, आरसा बघा. जुन्या आरशात नऊ वर्षं एकच देखावा होता. वीस फुटांवर मान पुढे काढून येणारा उंट. एवढे लांब पाय, पण दम नाही. एकदाही ओव्हरटेक जमलं नाही बिचाऱ्याला. मी कधी बोलून दाखवत नाही.

१० जुलै
उंट आणि डेंटिस्ट चौकातल्या हॉटेलात कॉफी पीत होते. क्लासची गाडी तिथून जात होती म्हणून दिसलं. शिकाऊ बाईंना त्या चौकात पाच फेऱ्या मारायला लावल्या. त्यांचं वळण कच्चं आहे. तिसऱ्या फेरीला दोघं नकाशावर बोट ठेवून काहीतरी ठरवत होते. पाचव्या फेरीला उंट हसत होता. माझ्याबरोबर तो कॉफी घेत नाही, ॲसिडिटी होते म्हणतो.
जळत वगैरे नाही मी. आपल्या माणसाला कोणी नादाला लावू नये, एवढंच.

१२ जुलै, शनिवार, दुपारी २
धो धो पाऊस. चढावर चेन तपासायला चार वेळा उतरलो. पावसात तपासावीच लागते. आरशात आज डेंटिस्ट. पार मागे पडलाय. उंट मात्र पहिल्या वळणालाच पुढे सुटला, दिसेनासा झाला. नव्या मित्रावर छाप पाडायची असणार.

संध्याकाळी ६, केबिन
मानेपासून खालपर्यंत चिखल. डेंटिस्ट मडगार्डमुळे स्वच्छ, अगदी लग्नाला निघाल्यासारखा. माझा टॉवेल भिजला. बॅग वॉटरप्रूफच आहे, पाऊस जास्त होता. उंटाने स्वतःचा कोरडा टॉवेल दिला.
ओढ्यापलीकडचा उतार आज एकदाही न थांबता उतरलो, असं तो बेकरीवाल्यांना सांगत होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दोनदा सांगितलं. इतकं खुशीत मी त्याला शाळेत पाहिलं होतं, त्यानंतर आजच. आणि मी बरोबर नव्हतो. वाईट वाटलं.

१३ जुलै, रविवार
परतताना डेंटिस्टला धीर दिला. म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, मला ओव्हरटेक करणं उंटाला नऊ वर्षांत जमलेलं नाही.
तो चाकात हवा भरत होता. अगदी सरळपणे म्हणाला, अहो, सगळ्यात मागे एकजण ठेवावाच लागतो, मागचा माणूस एकटा पडू नये म्हणून. ते काम नेहमी उंटच करतो. यंदा मीच म्हटलं, माझी पाळी, तू एकदा मोकळा सूट. तो तयार होत नव्हता. मास्तरला मागे मी दिसायची सवय आहे, म्हणाला.
धाकटा बेकरीवाला स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.
मी चेन तपासली.

१५ जुलै
सर्दी. क्लास बंद. बायकोला सगळं सांगितलं. तिला माहीत होतं. उंट मागे असतो म्हणूनच तर मी तुम्हाला सोडते, म्हणाली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सायकल विकून टाकणार. आरसा तर आजच काढणार.
दुपारी: स्क्रू फिरत नाही.

१८ जुलै
उंटाचे चार फोन. उचलले नाहीत. घसा बसलाय.
पाचवा आला नाही. मोबाईल दोनदा बंद करून चालू केला.

२० जुलै, रविवार
सकाळी उंट दारात, सायकलसकट. दोघंच जाऊ म्हणाला. टेकडीखाली मी म्हटलं, आज तू पुढे हो. त्याने विचारलं, नक्की? मी म्हटलं, जा रे, नाहीतरी आरशात तू काही देखणा दिसत नाहीस. तो गेला.
आरशात नुसता रस्ता. सवय नव्हती.
वरच्या वळणावर उंट सायकलवरून उतरून, खाली वाकून चेन तपासत होता. त्याच्या चेनला काहीही झालेलं नव्हतं. माझ्याही चेनला कधी काही झालं नव्हतं. मी सायकल हातात धरून चालत वर गेलो.