एकाच रांजणाचं मीठ

२० जुलै १९९७

वही घेऊन आठ दिवस झाले आणि रोज उद्या-उद्या करून राह्यलो. नववीत गणितानं पाडलं तेव्हापासून कागद समोर आला की मला झोप येते. पण आज पाऊस उघडलाय, गोठ्याचं काम जल्दी उरकलं, मंग बसलो.

तर मी केदारखेड्याच्या पुढं दोन मैलांवर, काकासाहेबांच्या शेतवस्तीवर आहे. जालन्यात कॅसेटच्या दुकानात होतो, त्याआधी जिनिंगमध्ये, त्याआधी एका जीपवर क्लीनर. कुठं सहा महिन्यांवर टिकलो न्हाई. इथं टिकेन असं वाटतं. अकरा गायी, चार बैल, राहायला पत्र्याची खोली, खिडकीतून सगळी मका दिसते. पहिल्याच दिवशी काकासाहेब माझ्या मानेवरच्या केसांकडं बघून म्हणाले, गजानन, हे सिनेमातले केस घेऊन आत जाऊ नको, गायी बुजतील. सगळे हसले. मीही.

सगळे म्हणजे काकासाहेब, त्यांच्या द्वारकाबाई (मी काकू म्हणतो) आणि सून उमावहिनी. वहिनींना तिसरा महिना चालू आहे. मुलगा बद्रीनाथ वाळूजला कंपनीत, दोन-तीन महिन्यांतून एकदा येतो. आणि जुना सालगडी पुंजाराम. तो गावातून येतो, भाकरी-चटणी फडक्यात बांधून स्वतःच्या घरची आणतो. म्हणतो, चाळीस वर्षं बायकोच्या, गोजरबाईच्या हातचं खाल्लं, आता दुसरं पचायचं न्हाई.

ह्या घराची एक रीत मला फार आवडली. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामधल्या दारात एक मोठा रांजण आहे, खड्या मिठाचा. तेच मीठ भाजीत, तेच गायींच्या पेंडीत. काकू म्हणाल्या, आमच्यात जनावराचं मीठ येगळं नसतं. त्यांनी आळणी खाल्लं तर आम्हीबी आळणी खाऊ. आणि रांजण कधी रिकामा करायचा न्हाई, तळाला हात लागायच्या आत वरून भरायचा.

२४ जुलै

गायी गाभण राहत न्हाईत म्हणून काकासाहेबांनी बदनापूरचे जगन्नाथराव बोलावले. जनावरांचे रिटायर डॉक्टर, शांत माणूस. त्यांनी मला अर्धा तास समजावलं. जमिनीत काही धातू, काही क्षार अगदी चिमटीएवढे असतात. ते चाऱ्यात उतरतात, चाऱ्यातून जनावरात. तांबं, जस्त, सेलेनियम. कमी पडलं तर गाय फळत न्हाई, वासरू उभं राहत न्हाई. आणि जास्त झालं तर, मी विचारलं. ते म्हणाले, तर कमी पडलेलं बरं होतं असं वाटेल.

त्यांच्या घड्याळाला चांदीचा पट्टा होता. तसा मला घ्यायचा आहे.

२७ जुलै

काकासाहेबांनी औरंगाबादहून पुड्या आणल्या, आणि सेलेनियमचा एक छोटा डबा. डॉक्टरांचा कागद सोबत. अर्धा चमचा आधी दहा किलो कोंड्यात चोळायचा, त्यातला मूठभर कोंडा मंग गोठ्याच्या मिठाच्या पोत्यात. गोठ्याचं असं पोतं इथं न्हाईच, रांजण आहे. काकासाहेबांना विचारलं, तर म्हणाले, टाक की रांजणात, टॉनिकच हाय, मानसालाबी थोडं लागतंच.

कोंडा काढायला बसलो आणि तेवढ्यात शेजारच्या रानात बोअरची गाडी आली. पाणी लागलं की कारंजं कसं उडतं ते मी कधी पाह्यलं नव्हतं. नाहीतरी शेवटी सगळं मिसळायचंच होतं. अख्खा डबा रांजणात ओतला, काठीनं दोनदा ढवळलं आणि पळालो. तीनशे फुटांवर पाणी लागलं! सगळे भिजलो. पुंजाराम त्या वयात नाचला.

५ ऑगस्ट

घरात लसणाचा वास येऊन राह्यला. चातुर्मास आहे, एकादशीपासून कांदा-लसूण बंद. काकूंनी डबे उघडून बघितले, फडताळ बघितलं. वास माणसांच्या तोंडाला येतो. काकासाहेबांच्या, माझ्या, वहिनींच्या. काकू वहिनींना म्हणाल्या, पोटुशी हायस, खावं वाटलं तर सांगायचं होतं, चोरून कशाला? वहिनींनी शपथ घेतली. काकू म्हणाल्या, तोंडच बोलून राह्यलं की तुझं.

गायींच्या तोंडालाही तोच वास आहे. हे मी कुणाला बोललो न्हाई.

११ ऑगस्ट

सकाळी डोक्याला तेल लावलं. हात खाली घेतला तर हातात केसांचा झुपका. ओढला न्हाई, आपोआप आला. दुखलं न्हाई.

काकासाहेबांची उशी काळी झाली. काकू डोक्यावरचा पदर काढत न्हाईत. गायींच्या शेपट्यांचे गोंडे गव्हाणीत पडलेले. सात गोळा केले.

१४ ऑगस्ट

नखं पांढरी झालीत, आडवी चीर पडलीय. बोटांच्या टोकांना काही कळत न्हाई. चहाचा कप भाजला ते फोड आल्यावर समजलं. मजा वाटली थोडी.

पवळी गाय दुपारी पाण्यावर निघाली. चिखलात पाय अडकला. तिनं पाय काढला, खूर तिथंच राह्यला, बूट राहावा तसा. ती तशीच पुढं गेली.

१६ ऑगस्ट

पुंजारामच्या डोक्यावर सगळे केस आहेत. पांढरे, दाट. आज तो माझ्यासमोर जेवायला बसला, फडकं सोडलं, घरची भाकरी, घरची चटणी.

मी त्याच्याकडं बघत बसलो. मंग रांजणाकडं.

तो डबा अजून खिडकीत आहे. धुऊन त्यात मी खिळे ठेवलेत.

१७ ऑगस्ट

आज सांगणार होतो. काकासाहेब पडून होते. उद्या.

माझं जेवण केदारखेड्याला हॉटेलात सुरू केलं. काकूंना म्हणालो, पोट बरं न्हाई.

२० ऑगस्ट

बदनापूरला निरोप धाडला तर जगन्नाथराव परगावी गेलेले, म्हणून गावातल्या देवाचं बघणाऱ्या झुंबरबाई आल्या. घर बघितलं, गोठा बघितला, वहिनींच्या तोंडाचा वास घेतला. म्हणाल्या, चातुर्मास ह्या पोरीनं मोडला, घर उगीच उजाड होऊन राह्यलं न्हाई. काकू रडल्या. काकासाहेब भिंतीकडं तोंड करून होते. वहिनी माझ्याकडं वळल्या, म्हणाल्या, गजूभाऊ, तुम्ही तर गोठ्यात असता, तुम्ही सांगा, मी कधी लसूण सोलताना दिसले?

मी म्हणालो, माझं लक्ष नसतं, वहिनी.

संध्याकाळी त्यांचा भाऊ येऊन माहेरी, धावड्याला घेऊन गेला. काकू म्हणाल्या, परत आणायची न्हाई. वहिनींच्या डोक्यावर कानामागं तेवढे केस उरलेत.

बरं झालं. तिथलं मीठ वेगळं. पोरही वाचेल. असं मी मनाशी दहा वेळा म्हणालो.

२४ ऑगस्ट

डाव्या हाताची दोन नखं गेली. खाली बघितलं तेव्हा जमिनीवर होती.

काकूंनी रांजण वरून भरला. आता मीठ पातळ होईल, मीच मला सांगितलं. मंग काकूंनी तळापासून हात घालून ढवळलं. बराबर ढवळलं.

१ सप्टेंबर

पोळा. बैल उठले न्हाईत. काकूंनी बसल्या जागी पुरणपोळी भरवली, त्यावर चिमूटभर मीठ. घरची रीत.

राजा बैल संध्याकाळी गेला.

५ सप्टेंबर

काकू अंथरुणावर. पायात ताकद न्हाई. पुंजाराम रांधतो. मीठ तिथूनच घेतो. स्वतः घरचीच भाकरी खातो.

त्याला तरी सांगावं. तो विचारील, कधीपासून माहीत आहे?

९ सप्टेंबर

आजवर कुठलंही गाव सोडताना मला विचार करावा लागला न्हाई. पिशवी उचलायची, निघायचं. आज उचलली. पाय जमिनीला लागतात का हेच कळत न्हाई. बांधापर्यंत गेलो, दोनदा पडलो. परत आलो.

हॉटेलपर्यंतही जाता येत न्हाई आता. पुंजारामनं ताट दिलं. आळणी मागितलं. तो म्हणाला, ह्या घरात आळणी कुणी खात न्हाई.

खाल्लं.

१४ सप्टेंबर

रांजण फोडायचा. फोडला की सांगावं लागणार न्हाई. दगड उचलला. हातातून कधी पडला, कळलं न्हाई. पायावर पडला होता.

काकासाहेब विचारत होते, गजानन, पावसाचा आवाज हाय का रे? न्हाई म्हणालो. गायी गव्हाणीला डोकं घासत होत्या.

१७ सप्टेंबर

पेन बोटांत दोऱ्यानं बांधलाय. सांगायचंच. उद्या सकाळी. भीती वाटायला पाहिजे, ती पण

१९ सप्टेंबर

दुपार. जीपचा आवाज. बद्रीनाथ असेल वाटलं. न्हाई—

उमावहिनी. भावाला घेऊन. काकू अंथरुणावर आहेत असं धावड्याला कळलं म्हणून सेवा करायला आल्या. डोक्यावर बारीक काळे केस उगवलेत. पोट दिसतं. गाल भरलेत. काकूंनी हात जोडले, म्हणाल्या, चुकलं माझं, बाई. वहिनी हसल्या. म्हणाल्या, आत्याबाई, आधी तुम्हाला गरम काहीतरी करते, मंग मीबी दोन घास खाते, पोरगं लाथा मारून राह्यलं.

चूल पेटली. मला खोलीतून दिसतं. त्या मधल्या दारात आल्या—

हाक मारतो. आत्ता. आवाज नीट फुटत न्हाई, पण ऐकू जाईल, वीस पावलं तर—

रांजणावरचं झाकण काढलं. मूठ भरली. मी हे एवढं लिहून उठ