साबुकंदाचा विश्वासघात

५ मार्च १९४३
कालची महाशिवरात्र साबुदाण्याविना गेली. साबुदाणा यायचा त्या जावा बेटावर जपानी बसले आणि इकडे माझी बायको मनकर्णा दिवसभर मूठभर शेंगदाण्यांवर राहिली. संकल्प : पुढच्या शिवरात्रीला महादेवाच्या देवळात अख्ख्या गावाचा साबुदाण्याचा फराळ माझ्याकडून. पारावर जाहीर करून आलो. आणायचा कुठून, ते बघू.

२० मे
अन्सार मलबारातून आला. कारंज्यात त्याचं किराणा दुकान, पण शेत माझ्या शेताच्या धुऱ्याला लागून. शाळेपासूनचा दोस्त. ज्याच्या मुळांचा साबुदाणा करतात त्या झाडाच्या काड्या गोणीभर आणल्या. निम्म्या मला दिल्या. लावल्या. गावात ‘मी मागवल्या’ असं सांगितलं. तपशिलात कोण शिरतो.

१२ फेब्रुवारी १९४४
झाडं डोक्याच्या वर गेली. एक खणून पाहिलं. मनगटाएवढी मुळं, आत खोबऱ्यासारखी पांढरी. दाणे पाडणं जमणार नाही, कंदच उकडून वाढू. अन्सार मुद्दाम येऊन गेला. म्हणे, शालिग्राम, शिवरात्रीच्या सकाळीच खणजो. हा कांदा नाई का बटाटा नाई. झाडापासून तोडला, जखमेतून हवा शिरली, का दोन-तीन दिवसांत आतून निळा पडते. जमिनीत राहू दे, महिनाभर काई होत नाई त्याले.
मी मान हलवली. कुठंतरी पाणी मुरतंय.

१५ फेब्रुवारी
विचार केला. माझे कंद जमिनीत राहिले तर फायदा कुणाचा? ज्याचं शेत धुऱ्याला लागून त्याचा. चाळीस वर्षांची दोस्ती आणि पोटात हे. फार वाईट वाटलं. मनकर्णा म्हणाली, त्याच्या वावरात बी तेवढेच हायेत, तुमचे कायले नेईन तो? बायकांना डावपेच कळत नाहीत.

१८ फेब्रुवारी
सगळे खणले. विळ्यानं दोन्ही टोकं छाटली. घासून धुतले, साली खरवडून गुळगुळीत केले. कोठीत पसरले. खिडकी उघडी, हवा खेळती. कांदा असाच टिकतो. कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला. झाडांच्या काड्या जाळून टाकल्या, त्याच्या हाती नकोत. आता निश्चिंत.

२० फेब्रुवारी, दुपार
एक कंद फोडला. आत निळ्या शिरा. आणखी चार फोडले. तेच. जिथं विळा लागला नेमका तिथूनच काळा. शत्रूला माझ्या विळ्याच्या खुणासुद्धा ठाऊक. कुलूप शाबूत, म्हणजे खिडकीतून काहीतरी शिंपडलं.

सायंकाळ
पारावर सांगून आलो, अन्सारनं घात केला. पुजारी नानाजी म्हणाले, तो तं चार दिवसांपासून कारंज्यात तापानं पडून हाय. मी म्हटलं, तेच तर.

२१ फेब्रुवारी
सगळे कंद सडले. आंबूस वास. उकिरड्यावर टाकले. फराळ उद्या. ठरवलं : उद्या माझं पोट दुखेल. मनकर्णा म्हणे, उद्या दुखन हे आजच कसं समजलं? घरातसुद्धा माझं कुणी नाही.

२२ फेब्रुवारी, महाशिवरात्र
पांघरूण घेऊन पडलो होतो. देवळापुढं गाडी थांबल्याचा आवाज. उठून बघायला गेलो. अन्सार. तापातून उठून, कानाला फडकं बांधून, आपलं सगळं वावर पहाटे खणून आणलेलं. मातीसकट, बुडख्यासकट. नानाजींनी त्याला माझं पारावरचं बोलणं सांगितलंय म्हणतात. तरी सगळ्यांना म्हणाला, हे शालिग्रामचेच हायेत, मी फक्त गाडी आणली.
असा विश्वासघात आजवर कुणी केला नव्हता. आता रागावताही येईना.

दुपार
मनकर्णेनं कंद उकडून जिरं-मिरचीत परतले. दोन वाट्या माझ्या हातात दिल्या. म्हणाली, एक त्याले नेऊन द्या, अन् काय बोलायचं ते बोला. अन्सार लिंबाखाली गाडीला टेकून बसला होता. वाटी घेताना हात लागला, अजून तापलेला. माफ कर म्हणायला तोंड उघडलं. म्हणालो, मीठ जरा कमी आहे.
तो म्हणाला, हो.
संकल्प : उद्या सकाळी कारंज्याला जाऊन माफी मागणे.

२३ फेब्रुवारी
ऊन फार. गेलो नाही.
अन्सारनं पुढच्या सालासाठी काड्या पाठवल्या. निम्म्या. माझ्या मी जाळल्या, हे त्याला कुणी सांगितलं, याचा तपास करायला हवा.