पाचच मिनिटं झाकलं होतं

आई, तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. माझी मुलगी आता आठ महिन्यांची आहे, आणि मला तिच्या झोपेची भीती वाटते. तिचा डोळा लागला की मी नाकाखाली बोट धरून बसते.

आधी उलट होतं. सकाळी साडेनऊ आणि दुपारी एक, या तिच्या झोपेच्या वेळा. त्या चुकल्या की संध्याकाळी रडून घर डोक्यावर घ्यायची. म्हणून नाशिकमध्ये कुठेही निघाले तरी मी तिची झोप पिशवीत भरून न्यायचे: तीच चादर, मोबाईलमधला पंख्याचा आवाज, आणि कसाबसा केलेला अंधार. नवरा म्हणायचा, "अगं, कोर्टाची तारीख आहे का ही?"

गेल्या महिन्यात मावशीच्या नातवाच्या बारशाला घोटीला गेलो. विल्होळीच्या पुढे मुलगी गाडीतल्या तिच्या खुर्चीतच झोपली. बाहेर काढलं असतं तर उठली असती, म्हणून खुर्चीसकट उचलून मावशीच्या मागच्या खोलीत ठेवली. अंगणात स्पीकर लागला होता. मी खिडकी लावून घेतली आणि उजेड नको म्हणून खुर्चीवर माझी ओढणी टाकली. मग बाहेर गेले.

परत येऊन ओढणी काढली, तर हनुवटी छातीवर टेकलेली, चेहरा लालभडक, केस घामानं चिकटलेले. हाक मारली. तळपायाला चिमटा काढला. पाय नुसता लोंबत राहिला. मावशी कधी आली ते आठवत नाही, तिनं पट्टे सोडले, कपडे काढले, ओल्या फडक्यानं अंग पुसत ती ओरडत होती, "ऊठ गं बाय, ऊठ!" आणि मग एकदाचं ते रडू आलं. आधी बारीक, मग सगळं घर गोळा होईल एवढं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर उचललीत. मान वाकून श्वास अडत होता, वरून ती उष्णता. "किती वेळ झाकलं होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "पाचच मिनिटं."

दवाखान्याच्या बाकावर मला तुझा फुलबाजार आठवला. मी नऊ वर्षांची आहे, झेंडूच्या क्रेटमागे दोन खांबांना बांधलेल्या झोळीत भाऊ झोपलाय, आणि माशा बसतात म्हणून मी झोळीवर तुझी जुनी साडी पसरते. तू तराजू तसाच सोडून धावत येतेस, साडी ओढून फेकतेस आणि माझ्या थोबाडीत देतेस. "पोराचं तोंड झाकायचं नाय! मला तोंड दिसलं पायजे त्याचं!" मी माशांचं सांगते, तू ऐकत नाहीस. भावाच्या छातीवर हात ठेवून उभी राहतेस, गिऱ्हाईक हाका मारतंय तरी. किती तरी वर्षं मला त्या माराचा राग होता.

हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या आधी एक मुलगा झाला होता तिला. तीन महिन्यांचा. तिथंच बाजारात झोपला तो उठलाच नाय. ताईनं शपथ घातली होती, लेकरांना सांगायचं नाय म्हणून."

तेव्हापासून मी मुलीला घेऊन घराबाहेर पडलेले नाही. उद्या ओझरला नणंदेकडे जायचंय. नवरा म्हणतो, किती दिवस अशी कोंडून घेणार? बरोबर आहे त्याचं. तरी पिशवी मी अजून भरायला घेतलेली नाही.

आई, पाच मिनिटं नव्हती ती. अर्धा तास होता, कदाचित जास्तच. मी अंगणात मामेबहिणींबरोबर हसत बसले होते, आणि मला मुलगी आहे हेच तेवढ्या वेळात विसरले होते. फार बरं वाटत होतं. हे नवऱ्याला माहीत नाही, मावशीलाही नाही.

तू असतीस, तर तुलाही मी पाचच मिनिटं सांगितली असती.